पद्मावतीचं नवं सोवळं

पद्मावतीनं त्र्याहत्तराव्या वर्षी सोवळं धरलं, ही बातमी शहराच्या एका टोकाच्या बनशंकरीहून दुसऱ्या टोकाच्या हेब्बाळला गेली, हेब्बाळहून धारवाडला गेली, आणि दोन्हीकडे तिच्यावर कुणाचा विश्वास बसेना. बसणार तरी कसा? टेलिफोन खात्यात उभी हयात काढलेली ही बाई. कोपऱ्यावरच्या बेकरीतला एग पफ रस्त्यातच संपवून, तोंड पुसून घरात शिरायची. सासूबाई सोवळ्यानं देवघराकडे निघाल्या की नेमकी त्याच वेळी हिला हॉलमधून जायचं असायचं, आणि वर साळसूदपणे विचारायची, "अय्यो, शिवले का मी?" त्या बाईनं आता पहाटे आंघोळ करून रेशमी लुगडं नेसावं, दुपारपर्यंत कुणाला जवळ फिरकू देऊ नये, आणि घरातल्या घरात चालताना "बाजूला व्हा, मडीत आहे मी" म्हणून सोवळ्याचा कानडी पुकारा करावा, म्हणजे फारच झालं.

आता आपल्या-आपल्यात सांगायला हरकत नाही. या सोवळ्याचा देवाशी काडीचाही संबंध नव्हता. संबंध होता डाव्या गुडघ्याशी.

उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या दिवशी तिची आणि मुलाची, गुरुदत्ताची, चांगलीच जुंपली होती. गुरुदत्ताचं म्हणणं एवढंच होतं, की आईनं आता एकटं राहू नये. हेब्बाळच्या फ्लॅटमध्ये अकराव्या मजल्यावर, तळ्याकडे तोंड असलेली खोली त्यानं तिच्यासाठी तयार ठेवली होती. त्याचे वडील शेषगिरीराव बनशंकरीच्या घरात न्हाणीत पडले ते पुन्हा उठले नाहीत, आणि ते त्याच्या मनातून जात नव्हतं. बरीच ओढाताण झाल्यावर तोड निघाली. पद्मावतीनं धडधाकट हिंडावं-फिरावं आणि खुशाल इथं राहावं, पण एकदा जरी पडली तर निमूट हेब्बाळला यावं. "शब्द दे," गुरुदत्त म्हणाला. "दिला," पद्मावती म्हणाली. पडणं-बिडणं आपल्या घराण्यात इतरांनी करायचं असतं, अशा तोऱ्यात तिनं तो दिला, आणि महिना उलटायच्या आत मागच्या युटिलिटीत, धुण्याभांड्याच्या जागेत, धाडकन आपटली.

कुणी पाहिलं नाही हे नशीब. ती आपली आपण उठली, ऑटो करून पार जे. पी. नगरला गेली, कारण बनशंकरीतला डॉक्टर गुरुदत्ताचा वर्गमित्र निघत होता. हाड शाबूत होतं, पण गुडघा चांगलाच दुखावला होता. डॉक्टरांनी औषध दिलं, व्यायाम दाखवले आणि काही दिवस काठी घ्या म्हणाले. काठी! हॉलमध्ये गुरुदत्तानं बसवलेला कॅमेरा होता. आई काठी टेकत चाललेली त्यात दिसली असती, तर संध्याकाळच्या आत बॅगा भरल्या गेल्या असत्या.

घरात आपण कसे चालतो, याचा तोवर तिनं कधी विचारच केला नव्हता. टाचा आपटत, एका दमात मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत जायची तिची सवय. आता एकेक पाऊल ठरवून टाकावं लागायचं. पलंगावरून कपाट, कपाटावरून चौकट, चौकटीवरून फ्रिजचा दांडा, मग जेवणाच्या टेबलाची कड, मग पुन्हा चौकट. शेषगिरीरावांनी हौसेनं प्रत्येक दाराला उंबरा करून घेतला होता, त्या प्रत्येक उंबऱ्यापाशी थांबून आधी उजवा पाय, मग दम, मग डावा. असं चार दिवस चालल्यावर तिला अचानक वाटलं, की ही चाल आपण कुठंतरी पाहिली आहे.

आणि सासूबाई आठवल्या. सोवळ्यातली ती सावकाश चाल, निऱ्या वर उचललेल्या, भिंतीच्या कडेकडेनं जाणं, प्रत्येक दाराशी थांबणं, आणि त्या येताहेत म्हटल्यावर घरभर झालेली पांगापांग. इतकं हळू का चालता, असं त्यांना जन्मात कुणी विचारलं नव्हतं.

पद्मावती पलंगावर बसल्या बसल्या एकटीच हसली. दुसऱ्या दिवशी तिनं ट्रंकेतलं मरून रंगाचं रेशमी लुगडं काढलं, धुतलं, आणि हॉलमध्ये दोरी बांधून बरोबर कॅमेऱ्यासमोर वाळत घातलं.

दुपारी हेब्बाळहून फोन.

"आई, कॅमेऱ्यात नुसतं लुगडंच दिसतंय."

"सोवळ्याचं आहे. त्याला कुणी हात लावायचा नाही."

"मग तूच दुसरीकडे वाळत घाल ना."

"दुसरीकडे ऊन येत नाही."

"हॉलमध्ये कुठलं ऊन येतं?"

"सरी, सरी, असू दे. तुला काय कळतंय सोवळ्यातलं?" असं म्हणून तिनं फोन ठेवला आणि टेबलाच्या कडेनं, फ्रिजच्या दांड्यावरून, मजेत स्वयंपाकघरात गेली.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण नातीचं, रम्याचं, लग्न जवळ आलं होतं आणि लग्नाआधीचं देवकार्य कुळाच्या देवांसमोरच व्हायला हवं होतं. कुळाचे देव बनशंकरीत, पद्मावतीच्या देवघरात. म्हणजे गुरुदत्त येणार, सून सुप्रीता येणार, रम्या येणार, चुलत-मावस गोतावळा येणार. ते सगळे एकवेळ परवडले, पण धारवाडहून वारिजा येणार होती.

वारिजा ही पद्मावतीची धाकटी नणंद. खरं सोवळं काय असतं ते अख्ख्या नात्यागोत्यात आता एकट्या तिलाच ठाऊक होतं. ओल्या केसांनी, उपाशीपोटी, चाळीस वर्षं रोज सोवळ्यात स्वयंपाक केलेली बाई. शिवाय उगादीच्या भांडणात ती फोनवरून भाच्याच्या बाजूनं बोलली होती. "गुरू म्हणतो ते बरोबर आहे वैनी, हट्ट करू नकोस," असं तिनं सुनावलं होतं, आणि पद्मावती ते विसरली नव्हती.

देवकार्याच्या दिवशी पहाटेपासून दोघी सोवळ्यात स्वयंपाकघरात होत्या. सोवळ्याचा स्वयंपाक, त्यामुळे आत दुसऱ्या कुणाला यायची सोय नाही. वारिजा हयग्रीव नावाच्या नैवेद्याच्या गोडासाठी हरभऱ्याची डाळ शिजवत होती. पद्मावती चित्रान्नाच्या भातासाठी लिंबं पिळत होती, बसून. मध्येच काही आणायला उठली की वारिजाची नजर तिच्या पावलांबरोबर जायची आणि पावलांबरोबर परत यायची.

शेवटी डाळ उतरवून वारिजानं पदर खोचला.

"वैनी, एक विचारू?"

"विचार की."

"तू मघाशी फ्रिजला हात लावलास."

"पहाटे ओल्या फडक्यानं पुसून घेतलाय."

"टेबलाला लावलास."

"तेही पुसलंय."

"भिंतीला?"

"भिंतसुद्धा पुसलीय."

"अख्खी?"

"माझा हात पोचतो तिथपर्यंत."

वारिजानं डाळीत गूळ घातला आणि पातेलं पुन्हा मंद आचेवर ठेवलं. "आणि ही चौकट? काल संध्याकाळी बसमधून उतरून आले, तेव्हा पाय धुवायच्या आधी मीच धरून उभी होते तिथं. तू आता तिला पाठ टेकलीस. वैनी, तुझा डावा गुडघा कधी दुखावला?"

पद्मावतीचा हात लिंबावर थांबला. नाही म्हणावं, तर ही बाई आता चालून दाखव म्हणेल. सोवळ्याची खोटी गोष्ट सोवळ्यातल्या बाईला सांगायला जावं, ही आपलीच अक्कल, असं तिला झालं.

"पडले," ती म्हणाली. "मागं, युटिलिटीत."

"पाणी सांडलं होतं?"

"नाही."

"चक्कर आली?"

"छे गं. शेजारी मल्लाप्पांच्या घरात भांडण लागलं होतं. सासऱ्याचं आणि सुनेचं. चांगलं जोरात. पण कुणीतरी मेल्यानं मिक्सर लावला आणि शब्द नीट ऐकू येईनात. म्हणून बादली उलटी घातली, वर चढले."

वारिजानं पळी हातात धरून तिच्याकडे पाहिलं. "कशावरून भांडत होते?"

"तेच तर कळायच्या आत पडले!"

वारिजा आधी नाकानं हसली, मग पोटानं, आणि शेवटी तिला ओट्याला धरून उभं राहावं लागलं. पद्मावतीलाही हसू आवरेना. दोघी सोवळ्यात, एकमेकींपासून हातभर अंतर राखून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. सगळ्यांच्या आधी येऊन पोचलेल्या रम्यानं बाहेरून "अज्जी, काय झालं?" असं विचारलं, तेव्हा दोघींनी एकाच सुरात "काही नाही, जप चाललाय" म्हणून सांगितलं.

हसू ओसरल्यावर वारिजानं डोळे पुसले. "पण हे गुरूला सांगायला हवं, वैनी. तू शब्द दिला होतास."

"दिला होता."

"आणि तिथं काय वाईट आहे? लिफ्ट आहे, तळं दिसतं, सून चांगली आहे."

पद्मावतीनं पिळलेलं लिंबू बाजूला टाकलं. मग म्हणाली, "वारिजा, तू मला एक खरं सांग. चाळीस वर्षं ते सोवळं तू भक्तीनं पाळलंस?"

वारिजा रागवेल असं तिला वाटलं होतं. वारिजानं शांतपणे मंद आच आणखी मंद केली.

"भक्ती होतीच," ती म्हणाली. "नव्हती असं कशाला म्हणू? पण आमचं धारवाडचं घर तुला माहीत आहे. सासू-सासरे, तीन दीर, तीन जावा, पोरं. चालायला लागलं की कुणीतरी हाक मारणार. 'वारिजा, पाणी.' 'वारिजा, पोराला घे.' एका खोलीतून दुसरीत सरळ म्हणून जाता यायचं नाही. सोवळं नेसलं, की सासरेसुद्धा भिंतीला चिकटून उभे राहायचे. स्वयंपाकघरापासून विहिरीपर्यंत वाट मोकळी. कुणाची हाक नाही, कुणाचा हात नाही. तेवढं चालणं माझं एकटीचं होतं गं. दुपारी सोवळं सोडायची वेळ आली की मला रडू यायचं."

इतकी वर्षं जिला आपण कर्मठ म्हणून चिडवत आलो, ती हीच का, असं पद्मावतीच्या मनात आलं, आणि मनापासून वाईट वाटलं.

"मलाही इथं तेवढंच पाहिजे," ती म्हणाली. "आपल्या घरात आपल्या पायांनी चालणं. दुसरं काही नको."

वारिजानं हयग्रीवात तूप सोडलं, ढवळलं, वास घेतला. मग मान वर न करता म्हणाली, "एका अटीवर. आज पंगतीत सगळ्यांसमोर म्हणायचं, की माझं हयग्रीव तुझ्यापेक्षा चांगलं होतं."

"हे मात्र फार होतंय हं, वारिजा."

"मग गुरू आल्या आल्या सांगू?"

"म्हणेन! म्हणेन!"

साडेदहाच्या सुमारास घर भरलं. गुरुदत्त आला तो थेट आईकडेच. पन्नाशीचा, अंगानं सुटलेला, पण आईसमोर उभा राहिला की अजून एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन टाकत राहणारा. "आई, थकलीस का? हात धरू?"

"शिवशील!" पद्मावती किंचाळली. तो दचकून तीन पावलं मागं गेला.

मग देवघरापर्यंतचा प्रवास सुरू झाला. एका हातात पळी-पंचपात्र, निऱ्या वर खोचलेल्या, नजर खाली. हॉलमधली मंडळी लगबगीनं भिंतीला लागली. पोरांना ओढून घेतलं गेलं. पद्मावती टेबलाच्या कडेनं, भिंतीच्या आधारानं निघाली, चौकटीशी थांबली, उजवा पाय, दम, डावा. घरभर अशी शांतता पसरली, की तिला स्वतःलाच आपण कुणीतरी मोठी साध्वी आहोत असं क्षणभर वाटून गेलं.

"काय चाल झाली आहे पद्माक्कांची!" एक चुलत जाऊ कुजबुजली. "किती शांत. साधना म्हणतात ती हीच."

"मठातले स्वामी असेच चालतात," हयवदनाचार्यांनी दुजोरा दिला. हे घरचे पुरोहित. लग्नसराईत दिवसाला तीन घरं उरकायची असल्यामुळे स्कूटरची किल्ली त्यांच्या उपरण्याच्या टोकाला कायम बांधलेली असायची.

गुरुदत्त मात्र आईच्या हाताकडे पाहत होता. "आत्या," त्यानं हळूच विचारलं, "सोवळ्यात भिंतीला हात लावलेला चालतो?"

वारिजा देवघराच्या दारात केळीची पानं पुसत होती.

"धारवाडला चालतो," ती ठामपणे म्हणाली.

गुरुदत्तानं आचार्यांकडे पाहिलं. आचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "भिंत म्हणजे काय आहे," ते म्हणाले, "शास्त्र आहेच, पण स्वल्प अ‍ॅडजस्ट करायचं. बसा यजमान, संकल्प करू."

वारिजा आपल्या बाजूला फितली म्हणून पद्मावतीनं देवाला मनातल्या मनात एक नारळ कबूल केला. पण तेवढ्यात तिला दुसरीच एक गोष्ट दिसली. सुप्रीतानं, सुनेनं, कुणाचं लक्ष नाही असं पाहून एक लाकडी खुर्ची पायानं हळूच सरकवली, ती नेमकी देवघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये, जिथं धरायला काहीच नव्हतं तिथं. आणि सासूकडे न बघता पानं मोजायला निघून गेली. हिला कळलंय, पद्मावतीच्या मनात आलं. कळलंय, तर बोलत का नाही?

पूजा झाली, नैवेद्य झाला, आरती झाली. आचार्य म्हणाले, "आता सगळ्यांनी देवाला साष्टांग नमस्कार करायचा. आधी घरातल्या मोठ्यांनी."

घरातली सगळ्यात मोठी पद्मावती. खाली वाकणं एकवेळ जमलं असतं, पण उठणार कोण? तिनं वारिजाकडे पाहिलं.

"वैनीनं उभ्यानंच करायचा," वारिजा चटकन म्हणाली. "लग्नघरातल्या मोठ्या बाईनं मडीत असताना जमिनीला टेकायचं नसतं. धारवाडला तसंच करतात."

"धारवाडला बरंच काय काय करतात," गुरुदत्त पुटपुटला. पण पद्मावतीनं उभ्यानं हात जोडले, बाकीचे वाकले, आणि तो प्रसंगही निभावला. आता फक्त पंगत. दुपार झाली, की सोवळं सुटणार, मंडळी जाणार, आणि लग्नापर्यंत गुडघा बरा होणार.

"नवरीनं अज्जीचा आशीर्वाद घ्यायचा," आचार्य म्हणाले.

रम्या पाया पडायला आली खरी. पण आली तीच डोळे भरून. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिनं या घरात काढल्या होत्या. वाकायचं सोडून तिनं "अज्जी!" म्हणून हंबरडा फोडला आणि दोन्ही हातांनी अज्जीला घट्ट मिठी मारली.

"अगं, शिवलीस, शिवलीस..." पद्मावती म्हणेपर्यंत तिचं सगळं वजन डाव्या पायावर गेलं. गुडघा वळला. रम्याचे हात सुटले, आणि पद्मावती भिंतीला पाठ घासत खाली खाली गेली आणि फरशीवर बसली.

लागलं काहीच नाही.

"आई पडली," गुरुदत्त म्हणाला.

"पडली कुठं? बसली," वारिजा म्हणाली. "सकाळपासून उभी आहे. माणसानं बसू नये का?"

"बरं. मग उठू दे."

सगळे पाहत होते. पद्मावतीनं फरशीला हात टेकला, जोर केला. गुडघ्यानं साफ नकार दिला. ती पुन्हा खाली बसली, आणि तिला समजलं की आता इथून पुढं थापेला जागा नाही.

गुरुदत्त तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर तिला बरं वाटलं असतं. रंग उडाला होता त्याचा. "केव्हा?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"मागच्या महिन्यात."

"आणि हे सोवळं?"

"खोटं. सगळं खोटं."

हयवदनाचार्यांनी घाबरून नैवेद्याच्या पातेल्याकडे पाहिलं. "स्वयंपाक माझा आहे," वारिजा म्हणाली. "माझं सोवळं खरं आहे. बिनघोर जेवा."

गुरुदत्ताचं तिकडे लक्ष नव्हतं. "अण्णा पडले तेव्हा तू देवळात होतीस, मी ऑफिसात," तो म्हणाला. "दुपारपर्यंत कुणालाही कळलं नाही. ते एकटे तसेच पडून होते. मला रोज ते दिसतं, आई. गाडी चालवताना दिसतं. तो कॅमेरा काय मी तुझ्यावर पाळत ठेवायला लावला? मला भीती वाटते गं."

इतके दिवस आपण याला लुगडं दाखवून हसत होतो, आणि हा तिकडे जीव मुठीत धरून त्या लुगड्याकडे बघत बसला होता. पद्मावतीला स्वतःची लाज वाटली.

"मलाही वाटते," ती म्हणाली. "त्या दिवसापासून मी त्या न्हाणीत रोज घाबरतच पाय टाकते. पण माझं ऐक. थंडीत महिनाभर तुझ्याकडे राहिले. तुम्ही मला काही म्हणता काही कमी केलं नाहीत. पाणी प्यायला उठले, की 'आई, बसा, मी देते.' खिडकीशी गेले, की 'आई, जपून.' स्वयंपाकघराच्या दारात गेले, की कुणीतरी खांदे धरून परत सोफ्यावर आणून बसवायचं. प्रेमानंच. आणि परत आले ना, तेव्हा याच घराच्या उंबऱ्याशी मी अडले. पाय उचलायचा विसरले होते. तिथं मी पडणार नाही, गुरू, हे अगदी खरं आहे. तिथं मला कुणी उठूच देत नाही."

मग सुप्रीता पुढं आली. "खरं आहे ते," ती नवऱ्याला म्हणाली. "सगळ्यात जास्त मीच बसवलंय त्यांना. आज सकाळी आले तेव्हाच मला कळलं होतं, यांचा पाय दुखतोय. पण दुखऱ्या पायानं त्या इथं जेवढ्या चालल्या, तेवढ्या आपल्याकडे धडक्या पायानं महिन्यात चालल्या नसतील. म्हणून गप्प बसले."

गुरुदत्तानं बायकोकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. दोघींनीही नजर चुकवली नाही. आपल्या बाजूला आता कुणी उरलेलं नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं.

"शब्द दिला होतास," तो म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

"दिला होता. मोडणार नाही. तू म्हणशील तर आज संध्याकाळी बॅग भरते." पद्मावतीनं एक तळवा फरशीवर टेकला. "पण आत्ता मला उठू दे. माझी मी."

त्यानं न राहवून दोन्ही हात पुढं केले.

"मागं हो. मडीत आहे मी."

"आई, आत्ताच म्हणालीस ना, खोटं आहे?"

"होतं खोटं. आता नाही."

गुरुदत्त उठला आणि मागं सरकला. त्याला पाहून बाकीचेही सरकले. आचार्य, चुलत जाऊ, रडणारी रम्या, सगळे आपोआप भिंतीला लागले. पद्मावतीनं उजवा पाय पोटाशी घेतला. एक तळवा भिंतीवर टेकला, दुसरा हात सुप्रीतानं ठेवलेल्या खुर्चीच्या पायावर. तिथून बैठकीवर. तिथून पाठीवर. मध्ये एकदा ती अडकली, अर्धी वर, अर्धी खाली, कपाळावर घाम. रम्याच्या तोंडून हुंदका फुटला, वारिजानं तिला डोळ्यांनीच गप्प केलं. मग एक मोठा श्वास घेऊन पद्मावती सरळ उभी राहिली. पदर सुटला होता, तो तिनं सावकाश सारखा केला.

"पानं वाढायची आहेत," ती म्हणाली. "मला स्वयंपाकघरात जायचंय."

मध्ये सगळा हॉल पसरला होता. पाहुण्यांच्या पिशव्या, वाटेत ओढलेल्या खुर्च्या, टोक दुमडलेली सतरंजी, पोरांचे खेळ. गुरुदत्त त्या सगळ्याकडे थोडा वेळ बघत राहिला. मग तो खाली वाकला आणि सतरंजीचं टोक सरळ केलं. एक पिशवी उचलून बाजूला ठेवली. दुसरी उचलली. दोन खुर्च्या भिंतीकडे लोटल्या.

"उद्या इथल्या न्हाणीत धरायला दांडे बसवून घेणार आहे मी," तो पाठमोराच म्हणाला. "त्याला नाही म्हणायचं नाही."

"बसव."

"आणि पुढच्या वेळी पडलीस तर पहिला फोन मला."

"तुलाच."

मग त्यानं घसा साफ केला, आणि रिकाम्या वाटेवर, सगळ्या गोतावळ्याला ऐकू जाईल असा पुकारा केला, "बाजूला व्हा! सरका सगळे! आई मडीत आहे!"

तो पुढं निघाला आणि पद्मावती त्याच्या मागून निघाली, भिंतीला हात लावून, डावा पाय उघडउघड ओढत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तो थांबला. हात पुढं केला नाही. तिनं पाय उचलून पलीकडे ठेवीपर्यंत नुसता उभा राहिला.